टाकीपासून हाताच्या अंतरावर

दर्यासारंगांच्या घरी वीज गेली की माणसांनी घामाघूम व्हायचं आणि माशांनी बुडबुड्यांत डुंबायचं, अशी रीत होती. पंखा थांबायचा, फ्रिज गप्प व्हायचा, काकूंच्या शिवणाच्या मशीनची मोटर अर्ध्या शिवणीत मान टाकायची. पुढच्या खोलीतल्या भल्यामोठ्या काचेच्या टाकीत मात्र निळा दिवा तसाच जळत असायचा आणि पाण्यातून बुडबुड्यांच्या माळा वर येत असायच्या. समोर कोचावर दर्यासारंग. हातात वर्तमानपत्राचा पंखा. त्या माळांकडे ते असे बघायचे, जणू एकेक बुडबुडा त्यांनी स्वतः तोंडाने फुगवून सोडलाय.

दर्यासारंग हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलेलं. एरवी या माणसाची पाण्याशी ओळख आंघोळीच्या बादलीपलीकडे गेलेली नव्हती. अख्खी नोकरी वीज कार्यालयाच्या तक्रार विभागात झाली. फोन उचलायचा, पलीकडच्याचा आरडाओरडा ओसरेपर्यंत कागदावर वेलबुट्टी काढत बसायचं आणि मग म्हणायचं, "काम चालू आहे, थोड्या वेळात येईल." कुठलं काम, कोण करतंय, कधी येईल, यातलं त्यांना ओ की ठो ठाऊक नसायचं. पण हे एक वाक्य ते इतक्या मायेने म्हणायचे, की निरोप समारंभात साहेबांनी त्यांच्या कामाबद्दल काही न बोलता आवाजाचं कौतुक केलं. दर्यासारंगांना ते कामाचंच वाटलं.

निवृत्त झाल्या झाल्या घरात टाकी आली. आणि ती आली ती थेट खिडकीपाशी.

आता त्या घराला चांगली अशी खिडकी एकच. बाकीच्या खिडक्या समोरच्या भिंतीशी गप्पा मारतात. या एका खिडकीपाशी काकूंचं मशीन वर्षानुवर्षं होतं. काकू म्हणजे दर्यासारंगांची बायको. आसपासच्या सगळ्या गल्ल्यांतले शर्ट, फ्रॉक आणि शाळेचे गणवेश त्यांच्या हाताखालून गेलेले. खिडकीतल्या उजेडात त्या बोलता बोलता सुईत दोरा ओवायच्या, सुईकडे न बघता. पण टाकी रस्त्यावरून दिसली पाहिजे, असा दर्यासारंगांचा हट्ट. येणाऱ्या-जाणाऱ्याने थबकून म्हटलं पाहिजे, वा! म्हणून मशीन "तात्पुरतं" स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये गेलं. तिथे भरदुपारीही दिवा लावावा लागतो.

पुढे काय झालं, तर खिडकीतल्या उन्हाने टाकीतलं पाणी हिरवं पडायला लागलं. काचेवर शेवाळ धरलं. दर्यासारंगांनी दोन-चारदा खरवडून बघितलं आणि मग खिडकीला जाडजूड पडदा शिवून घेतला. काकूंकडूनच. म्हणजे टाकी दिसावी म्हणून खिडकी घेतली आणि टाकीसाठीच ती कायमची बंद केली. आता रस्त्यावरून पडदा दिसायचा.

"अहो, मग टाकीच पॅसेजमध्ये ठेवा की," काकू म्हणाल्या होत्या. "तिथे उन्हाचा कवडसासुद्धा येत नाही. माशांना बरं आणि मलाही."

"तुला त्यातलं कळत नाही," दर्यासारंग म्हणाले. "पॅसेजमध्ये कोण बघणार?"

काकू पॅसेजमध्ये गेल्या आणि निळ्या पॅन्टला काळा दोरा घालून बसल्या. उजेडच तसला. पॅन्टवाला भला माणूस, हसत हसत परत घेऊन आला. पण इतक्या वर्षांत काकूंच्या हातून परत आलेला तो पहिला कपडा, आणि तो त्यांच्या मनात सलत राहिला. त्यानंतर एकदोन बायका दुसरीकडे शिवायला टाकू लागल्या, हेही त्यांना कळलं. टाकीवरून जाताना त्या माशांकडे बघून नाक मुरडायच्या. मासे काही मनावर घेत नसत.

मग आली यंत्रणा. हा शब्द दर्यासारंगांचा. वस्तू म्हणजे एक खोका, आत बॅटरी, पुढे दोन दिवे. वीज गेली की टाकीचा पंप आणि दिवा त्यावर चालायचा, ती आली की खोका पुन्हा भरून घ्यायचा. पण दर्यासारंगांनी तिला असं काही चढवून ठेवलं की पाहुणे चपला काढायच्या आधी खोक्याकडे नेले जात. टाकीसाठी म्हणून त्यांनी वायरमन बोलावून भिंतीवर वेगळं लाल बटण बसवून घेतलं, घरातल्या बाकी विजेशी त्याचा संबंध नाही. बटणाखाली चिठ्ठी: 'फक्त मासे'. खोका बॅटरीवर चालायला लागला की टीं टीं असा ओरडायचा. तेवढं दर्यासारंगांना खपलं नाही. दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं म्हणून त्यांनी मागचं झाकण काढून ओरडणाऱ्या भागाची तार कापून टाकली. "यंत्रणा कशी पाहिजे?" ते पाहुण्यांना विचारायचे आणि स्वतःच सांगायचे, "ती आहे हे कळताच कामा नये."

आणि दुसरं वाक्य, बोट वर करून: "बॅकअप टाकीपासून हाताच्या अंतरावर पाहिजे. अडचणीच्या वेळी धावाधाव करावी लागली, तर तो बॅकअप कसला?"

वन्सं, म्हणजे काकूंची नणंद, एकदा आल्या असताना नेमकी वीज गेली. वन्सं कोचावर वितळत होत्या आणि समोर मासे मजेत होते.

"अरे दादा, त्या खोक्याला एक पंखा तरी जोड. बायको बघ कशी निथळतेय."

"पंखा जोडला की ताण येतो. मासे बिचारे मुके आहेत गं, त्यांनी सांगायचं कुणाला?"

"आणि मी?" काकू म्हणाल्या.

"तू कुठे मुकी आहेस?"

वन्सं हसल्या. काकू हसल्या नाहीत. मग दर्यासारंगांना वाटलं, आपण जरा जास्तच बोललो, आणि असं वाटलं की ते आणखी जास्त बोलत. "ऐक. वीज गेली म्हणून माझा एक जरी मासा दगावला ना, त्याच दिवशी टाकी इथून उचलीन. खिडकी तुझी. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

"वन्सं, ऐकलंत ना?"

"ऐकलं बाई. शब्द काढणार नाही, ते तर मी नीटच ऐकलं."

त्या दिवसापासून काकूंचं आणि माशांचं नातं बदललं. पूर्वी नुसता तिरस्कार होता. आता त्यात हिशोब आला. टाकीत होते सगळे सोनेरी, गलेलठ्ठ, खाऊन खाऊन फुगलेले, झालरीसारख्या शेपट्या हलवत काचेला नाक लावणारे. काकूंच्या मते सगळे नवऱ्यासारखे: कुणी बघतंय म्हटलं की छाती पुढे. अपवाद एक. काणोबा. हा मासा सगळ्यांत जुना, रंग उडालेला, एक डोळा कधीतरी गेलेला. पाहुणे यायचे असले की दर्यासारंग काठीने त्याला प्लास्टिकच्या किल्ल्यामागे ढकलायचे, टाकीची शोभा जाते म्हणून. "जाणारच आहे तो," म्हणायचे. काणोबा जात नव्हता. पाहुणे गेले की हळूच बाहेर यायचा आणि उरलेलं खायचा. काकूही पाहुणे गेल्यावरच जेवत. तेवढं सोडलं तर दोघांत काही साम्य नव्हतं, असं काकू स्वतःला बजावत.

तर मत्स्यप्रेमी मंडळाची वार्षिक सभा आली आणि दर्यासारंगांना भाषणाला बोलावलं. विषय: 'वीज गेली? घाबरू नका!' सकाळी उठल्या उठल्या त्यांनी घरात रंगीत तालीम घेतली. अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली घरातला पायजमा, हातात काकूंची कापड मोजायची लाकडी पट्टी. श्रोते म्हणजे काकू, मांडीवर शर्ट आणि हातात काजांची सुई.

"समजा, मंडळी," पट्टी खोक्यावर आपटत ते म्हणाले, "अचानक वीज गेली!" आणि त्यांनी ते लाल बटण खटकन बंद केलं.

काही झालं नाही. दिवा लवला नाही, बुडबुडा अडखळला नाही.

"काय दिसलं?"

"काही नाही," काकू म्हणाल्या.

"हेच! हेच तर!" दर्यासारंगांचा चेहरा फुलला. "काही दिसलं नाही, याला म्हणतात यंत्रणा. टाळ्या वाजव."

"हातात सुई आहे."

एवढ्यात फोन वाजला. मंडळाचे अध्यक्ष. दर्यासारंग "हो साहेब, नाही साहेब, अहो तुमच्या शेजारी बसायची माझी काय लायकी, बरं, बसतो" करत गॅलरीत गेले. व्यासपीठावर कुणाची खुर्ची कुठे, हा प्रश्न बराच वेळ चालला. मग दाढी, मग पॅन्ट शोधणं, मग बुटांना पॉलिश. त्या लाल बटणाची पुढे कोणी चौकशी केली नाही. टाकीत बुडबुडे चालू होते, आणि बुडबुडे चालू असले की त्या घरात सगळं आलबेल आहे असंच धरायचं होतं.

जेवून दर्यासारंग निघाले. सभा मागच्या रस्त्यावरच्या शाळेत होती. दारातून वळून म्हणाले, "आज पडदा उघडू नकोस हं."

ते गेल्यावर काकू मशीनवर बसल्या. गणवेशांचा गठ्ठा संध्याकाळी न्यायला येणार होते. एक बाही जोडून झाली, दुसरी निम्मी झाली आणि मोटर गेली. पॅसेजमधला दिवाही. काकूंनी चार शब्द वीज कार्यालयाला, दोन नवऱ्याला बहाल केले आणि बाही घेऊन पुढच्या खोलीत आल्या. तिथे निळा उजेड होता. त्या उजेडात शिवणार काय? मग त्यांना नवऱ्याने बजावलेलं आठवलं आणि आधी पडदा सरकवला.

काय ऊन आलं! जुन्या ओळखीचं, हातावर येऊन बसणारं. काकू खाली फरशीवर खिडकीशी टेकून बसल्या आणि हाताने टाके घालायला लागल्या. दोरा पहिल्या झटक्यात सुईत गेला. डोळे काही गेले नव्हते तर. त्यांना एकदम हसू आलं. इतके दिवस त्या उगाच चष्म्याला दोष देत होत्या.

बाही संपत आली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की खोलीत फार शांत झालंय. पंपाची घुरघुर थांबली होती. टाकीतला दिवा गेला होता. खोक्याचे दोन्ही दिवे मालवलेले. दर्यासारंग तर सांगत सुटले होते, दिवस मावळेपर्यंत चालते यंत्रणा. आणि ही तर चहाच्या वेळेआधीच आडवी.

काकूंनी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग दर्यासारंगांचा दबका आवाज. "अगं, मी स्टेजवर आहे!"

"अहो, इकडे वीज गेलीय आणि तुमचा खोका..."

"इकडेही गेलीय! नेमकी! म्हणजे काय योग बघ. मी आत्ता यंत्रणेवरच बोलतोय. घाबरू नकोस. तेच तर सांगतोय सगळ्यांना, घाबरू नका. ठेव."

"अहो, खोका बंद..."

फोन ठेवलेला होता.

मग काकूंनी तक्रार विभागाला लावला. पलीकडे कोणी नवा मुलगा होता, पण वाक्य जुनंच निघालं. "काम चालू आहे मॅडम, थोड्या वेळात येईल." तीच माया, तोच सूर. नवरा खुर्ची सोडून गेला, वाक्य तिथेच ठेवून गेला. काकूंना पहिल्यांदा कळलं की फोनच्या या बाजूला बसलेली हजारो माणसं आपल्या नवऱ्याला काय काय म्हणाली असतील, आणि त्यातलं एकही चूक नसेल.

त्या कोचावर बसल्या. बरोबर दर्यासारंगांच्या जागेवर. समोर टाकी.

करायचं काय होतं? काहीच नाही. काहीही न करता बसायचं, एवढंच काम होतं. थोड्या वेळात यातला एखादा उलटा होईल. मग वन्संना फोन. मग टाकी रिकामी, पडदा उतरवलेला, मशीन खिडकीशी. संसारात पहिल्यांदा असं झालं होतं, की काकूंनी हात हलवायचा नाही आणि काम आपोआप व्हायचं. नवऱ्याचं आयुष्य याच तत्त्वावर चाललं होतं. आज आपणही बघू, काकू म्हणाल्या, कसं वाटतं ते.

मासे एकेक करून वर यायला लागले. पाण्याच्या पृष्ठभागाला तोंडं लावून, आ करून, मिटून, पुन्हा आ करून. पाहुणे आले की दर्यासारंग म्हणत, बघा, बोलतात माझ्याशी. आता कुणाशी बोलत होते? गलेलठ्ठ सगळे वरची जागा धरून बसले, एकमेकांना ढुशा देत. छाती कुणाचीच पुढे नव्हती.

"आता कळलं?" काकू मोठ्याने म्हणाल्या. "पॅसेजमध्ये कसं वाटतं ते?"

आणि मग त्यांना काणोबा दिसला. त्याला वर जागाच मिळत नव्हती. दोनदा आला, दोनदा ढकलला गेला. मग तो किल्ल्यापाशी खाली गेला, जिथे त्याला नेहमी काठीने ढकलत, आणि तिथेच तिरका होऊन राहिला. चांगला डोळा काचेकडे. बघत होता की नव्हता, देव जाणे. माशाच्या डोळ्याला पापणी नसते, त्यामुळे तो नेहमीच बघत असल्यासारखा दिसतो. ही फसवणूक आहे, काकूंनी स्वतःला सांगितलं. मुद्दाम केलेली.

"माझ्याकडे काय बघतोस? मी काय तुझी वीज घालवली?"

काणोबा थोडा आणखी तिरका झाला.

"पैज त्यांच्याशी आहे," काकू म्हणाल्या. आणि म्हणता म्हणताच त्यांना वाईट शंका आली, की पैज नवऱ्याशी असेल, पण माशांनी कुठे हो म्हटलं होतं? ते तर कुणी विचारलंच नव्हतं. त्यांना आणून खिडकीत ठेवलं आणि वर पडदा लावला. त्यातही त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हे असलं काकूंना आपल्या अनुभवावरून नको तितकं समजत होतं.

"मेल्यांनो," त्या उठल्या. "एकसुद्धा धड नाही या घरात."

स्वयंपाकघरातून त्यांनी मोठा जग आणला. काय करायचं ते पुस्तकात वाचलेलं नव्हतं. पण गरम चहा एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात उंचावरून ओतला की त्याला फेस येतो, वारा मिळतो, हे जगातल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. काकू स्टुलावर चढल्या, झाकण काढून बाजूला ठेवलं, जग बुडवून भरला आणि डोक्याइतक्या उंचीवरून धार सोडली. पाणी खळाळलं. फेस आला. पुन्हा जग, पुन्हा धार. मासे आधी घाबरून पांगले आणि मग धारेखाली गोळा झाले, नळावर गर्दी व्हावी तसे.

"रांगेत या! ए लठ्ठ्या, तू सरक. तुझं झालं. त्या म्हाताऱ्याला येऊ दे."

म्हाताऱ्याला कुणी येऊ देईना, तर काकूंनी धारच त्याच्या बाजूला नेली. किल्ल्याच्या बुरुजावर पाणी आदळायला लागलं. इतके दिवस नुसता शोभेला उभा असलेला तो प्लास्टिकचा किल्ला पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाला आला.

खांदा दुखायला लागला. बाह्या कोपरापर्यंत भिजल्या, कोचावर शिंतोडे, फरशीवर तळं. काकूंनी दर्यासारंगांचा चांगला टॉवेल खाली टाकला आणि त्यावर पाय पुसला. जग थांबवला की मासे पुन्हा वर यायचे, म्हणून थांबायची सोय नव्हती. त्या ओतत होत्या आणि शिव्या घालत होत्या, शिव्यांच्या तालावर हात चालत होता. शिव्यांत नवरा होता, अध्यक्ष होते, खोका होता, तक्रार विभाग होता, ज्याने पहिला मासा घरात पाळला तो माणूस होता.

शाळेत काय चाललं होतं ते मागाहून वन्संकडून कळलं, त्या सभेला गेल्या होत्या भावाचं कौतुक बघायला. वीज गेली तसा माइक गेला. दर्यासारंग डगमगले नाहीत. उलट त्यांना चेव आला. ओरडून म्हणाले, "या क्षणी, मंडळी, माझ्या घरीसुद्धा अंधार आहे. पण माझ्या माशांना त्याचा पत्ताही नाही!" टाळ्या पडल्या. टाळ्यांनी हा माणूस बिघडतो. "सांगतोय कशाला? चला, दाखवतोच!"

आणि काकूंना जिन्यावर पावलं ऐकू आली. एकाची नव्हेत, वरातच. किल्ली फिरली, दार उघडलं. पुढे दर्यासारंग, हात पसरून, "बघा आता," म्हणत, मागे अध्यक्ष, त्यांच्यामागे दातांचे डॉक्टर, एक जाड बँकवाले, आणखी चारपाच जण आणि सगळ्यांत मागे टाचा उंचावत वन्सं.

समोर स्टुलावर काकू. केस सुटलेले, कोपरापर्यंत भिजलेल्या, हातात जग. टाकी अंधारी. पडदा सताड उघडा.

धार तेवढी बोलत होती.

"हे... हे काय करतेस?" दर्यासारंग म्हणाले.

"टाळ्या वाजवतेय," काकू म्हणाल्या आणि जग पुन्हा बुडवला.

दर्यासारंगांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण तक्रार विभागात उगाच इतकी वर्षं काढली नव्हती. त्यांनी क्षणात स्वतःला सावरलं आणि मंडळाकडे वळले. "ही, मंडळी, आपली दुसरी फळी. यंत्रणा कधी दगा देऊ शकते, तर अशा वेळी..."

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे बॅकअपलाही बॅकअप!"

"पूर्वतयारी याला म्हणतात," बँकवाले म्हणाले. दातांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. दर्यासारंग फोटोत यायला टाकीशेजारी सरकले.

काकूंनी जगाची धार किंचित डावीकडे घेतली. दर्यासारंगांचे पॉलिश केलेले बूट भिजले. ते फोटोत आलं की नाही कोण जाणे.

आणि वीज आली. पंखा फिरला, फ्रिज घुरघुरला, पॅसेजमधला दिवा लागला, मशीनची अर्ध्यात थांबलेली मोटरसुद्धा भर्रकन जागी झाली, काकू बटण बंद करायला विसरल्या होत्या. सगळं घर चालू झालं. टाकी सोडून.

"ही का नाही चालू झाली?" अध्यक्षांनी विचारलं.

दर्यासारंगांनी खोक्यावर थाप मारली. खोका मेलेला. पंपाची वायर हलवून पाहिली. मग सगळ्यांची नजर हळूहळू भिंतीवर गेली. वन्संनी चष्मा नीट करून वाचलं. "फक्त मासे." आणि बटणाकडे बोट केलं. "दादा, हे तर बंद आहे रे."

"कुणी बंद केलं?" दर्यासारंग बायकोकडे बघत कडाडले.

काकूंनी जग खाली ठेवला. आता घाई नव्हती. "'समजा मंडळी, अचानक वीज गेली,'" नवऱ्याचा आवाज काढत त्या म्हणाल्या, "असं म्हणून सकाळी माझी पट्टी घेऊन कोण उभं होतं? वीज नंतर गेली, तुम्ही आधीच घालवली होती. सकाळपासून खोका एकटा ओढत होता. ओरडून सांगितलं असतं बिचाऱ्याने, पण तुम्ही त्याचा गळा कापलेला."

वन्सं आधी हसल्या. मग दातांचे डॉक्टर. मग सगळेच, आणि शेवटी अध्यक्षसुद्धा, तोंडाला रुमाल लावून. दर्यासारंग पुढे गेले आणि त्यांनी बटण चालू केलं. दिवा लागला, पंप घुरघुरला, बुडबुड्यांची पहिली माळ वर आली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

काकूंनी टाकीत वाकून एकेक मासा पाहिला. सगळे होते. काणोबा किल्ल्यावर, बुडबुड्यांत, सरळ.

"एकही गेला नाही," त्या म्हणाल्या. "वन्सं, लक्षात ठेवा, पैज तुमचे दादा जिंकले. टाकी इथेच राहील."

दर्यासारंगांनी संशयाने बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात बायको हरल्यावर एवढ्या शांत आवाजात कधी बोलली नव्हती.

"पण मला एक विचारायचंय," काकू अध्यक्षांकडे वळल्या. "तुम्ही जाणकार माणसं. बॅकअप कुठे ठेवावा म्हणता?"

"टाकीपासून हाताच्या अंतरावर," अध्यक्ष म्हणाले. "यांनी आत्ताच सांगितलं आम्हाला. अडचणीच्या वेळी धावाधाव नको."

"मग आज मला पॅसेजमधून धावावं लागलं." काकूंनी ओल्या हाताने खिडकीखालची जागा दाखवली, टाकी आणि भिंत यांच्यामधली, जिथे दर्यासारंगांनी माशांच्या स्पर्धेची ढाल मांडून ठेवली होती. ढाल सहभागाबद्दलची होती. "बॅकअप कुठे बसवायचा ते तुम्हीच सांगा."

दर्यासारंगांनी तोंड उघडलं. मंडळाकडे पाहिलं. मिटलं. पुन्हा उघडलं. अगदी मघाच्या माशांसारखं.

"बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले. "चला, हात लावा."

जाड बँकवाले आणि दातांचे डॉक्टर पॅसेजमध्ये गेले आणि मशीन उचलून घेऊन आले. मशीन लोखंडी, जुनं, त्यांना अर्ध्या वाटेत टेकवावं लागलं. तिसरा हात लावायला दर्यासारंग पुढे झाले, ढाल काखेत धरून, कारण ती ठेवायला आता जागा उरली नव्हती. मशीन खिडकीखाली बसलं. मंडळ चहा न घेताच गेलं. वन्सं थांबल्या, त्यांना पुढचं ऐकायचं होतं.

"पडदा तरी लाव," सगळे गेल्यावर दर्यासारंग पडत्या आवाजात म्हणाले. "शेवाळ धरेल."

"धरू दे. तुम्ही खरवडाल." काकूंनी ओली बाही पिळली आणि गणवेशाची कोरडी बाही हातात घेतली. "दिवसभर मोकळेच तर असता. आणि खरवडताना कुणी फोन केला, तर तुमचं ते वाक्य आहेच की."

"कुठलं?" वन्संनी विचारलं.

"'काम चालू आहे,'" दर्यासारंग स्वतःच पुटपुटले. पण पुढचा भाग गिळला.

काकूंनी सुईत दोरा ओवला, सुईकडे न बघता. शेजारी, काचेपलीकडे, काणोबा किल्ल्याच्या पुढे येऊन तरंगत होता. पाहुण्या वन्सं अजून घरात होत्या, तरी.

"तू काय बघतोस?" काकू म्हणाल्या. "कामाला लागू दे मला."